पिजदुऱ्याच्या खडकातले गवत

टायटॅनोसॉर म्हटले की बहुतेकांच्या मनात आधी त्यांचा अवाढव्य आकार येतो. मला मात्र या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांविषयीची सर्वांत मोलाची वाटणारी माहिती हाडांतून मिळालेली नाही. ती चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या पिजदुरा येथे सापडलेल्या अश्मीभूत विष्ठेतून मिळाली आहे.

पिजदुऱ्याचे हे खडक क्रिटेशियस कालखंडाच्या अखेरचे, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळातले असून लॅमेटा या नावाने ओळखले जातात. जबलपूरच्या लॅमेटा खडकांत मिळालेल्या हाडांवरूनच जीवाश्मशास्त्रज्ञ रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ मध्ये टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिले होते, तर चंद्रपूर जिल्ह्यातीलच डोंगरगावला मिळालेला दुसऱ्या एका टायटॅनोसॉरचा सांगाडा आज आयसीसॉरस कोल्बर्टी म्हणून जगभर अभ्यासला जातो.

गवताच्या कडक पात्याने बोट कापते, कारण गवत जमिनीतून सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक, शोषून आपल्या पेशींत साठवते. हे सूक्ष्म कण पचत नाहीत, कुजत नाहीत आणि त्यांच्या आकारावरून वनस्पतीचा गट ओळखता येतो. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉम्बर्ग, अशोक साहनी आदी संशोधकांनी पिजदुऱ्याच्या विष्ठेतील असे कण तपासले आणि २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. त्यांत गवताचे किमान पाच प्रकार निघाले. काही तर भात आणि बांबू यांच्या कुळाशी जवळीक दाखवणारे होते. गवताची विविधता डायनासोर नष्ट झाल्यानंतरची, हा तोवरचा समज त्यामुळे मागे पडला. आपल्या विदर्भातील एका गावाने वनस्पतींच्या इतिहासाचे एक पान बदलले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

ही विष्ठा टायटॅनोसॉरचीच असावी, असे मानण्याचे मुख्य कारण म्हणजे त्याच थरांत त्यांची हाडे विपुल आढळतात. तरीही हे प्राणी गुरांसारखे कुरणांत चरत होते, असे चित्र रंगवणे चुकीचे ठरेल. विष्ठेत गवताचा वाटा थोडाच आहे, आणि त्याच्या जोडीला ताड-माडांच्या कुळातील झाडे, सूचिपर्णी वृक्ष व इतर सपुष्प वनस्पती यांचेही अवशेष आहेत. टायटॅनोसॉरचे दात बारीक खुंट्यांसारखे होते. त्यांनी पाला ओरबाडता येत असे, पण गाईम्हशींप्रमाणे रवंथ करून तो बारीक करता येत नसे. पाला तसाच गिळायचा आणि प्रचंड पोटात तो दीर्घकाळ आंबवून पचवायचा, ही त्यांची रीत असावी, आणि अशा प्राण्याला समोर येईल ते निवड न करता खाणे परवडत होते.