पोयणीतली मरळ: पोकळ फ्रॉगच्या जुळणीची हंगामी नोंद

पाणी: भंडारा-गोंदियाकडची जुनी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातली) तळी. पाळीला लागून काय ती खोली, बाकी पोटात गुडघा ते कमरेएवढं पाणी. वर पोयणी (पाणलिली) आणि कमळ, खाली हायड्रिला हे पाणगवत, काठाला देवधान (रानभात) नाहीतर बेशरमची झुडपं. मासा: मरळ, म्हणजे चन्ना स्ट्रायाटा. आमिष: पोकळ रबरी फ्रॉग, म्हणजे अंगाला दुहेरी हुक आणि मागे झालर असलेला नकली बेडूक.

हा फ्रॉग मुळात अमेरिकेतल्या लार्जमाउथ बास या माशासाठी लोकप्रिय झाला. तिथलं पाणीही असंच, उथळ आणि पानांनी झाकलेलं. म्हणून बासची जुळणी जशीच्या तशी उचलायचा मोह होतो, आणि पाचातले तीन-चार स्ट्राइक (माशाचे हल्ले) हुक न लागता जातात. बास तोंड उघडून पाण्यासकट फ्रॉग आत ओढतो. मरळ पानाखालून उसळते आणि चावते. उसळताना तिच्या डोक्यापुढचं पाणी हलका फ्रॉग बाजूला ढकलतं, चावा पडतो तो मागच्या झालरीवर. पुढचे सगळे बदल याच एका अडचणीवर आहेत.

मे-जून, पाणी उतरलेलं

बासचा 6.5 सेंमीचा, 14 ते 18 ग्रॅमचा फ्रॉग बाजूला ठेवला. 4.5 ते 5 सेंमी, 9 ते 12 ग्रॅम हे माप बसतं. त्याहून हलका घेतला तर वाऱ्यात लांब जात नाही आणि वर सांगितलेल्या ढकलीत उडतो.

रॉड साडेसहा ते सात फुटी, मीडियम-हेवी, टोक फार मऊ नको. दोरी ब्रेडेड (विणलेली), 40 ते 50 पौंडी, सरळ फ्रॉगच्या कडीला पालोमार गाठीने. मध्ये स्नॅप (जोडायची क्लिप) लावू नका, त्याच्यात हायड्रिलाचा तुरा अडकतो आणि फ्रॉग उलटा होतो. मोनो (एकेरी नायलॉन दोरी) इथे दोन कारणांनी नको: ती ताणते, त्यामुळे वीस मीटरवरचा झटका हुकपर्यंत पोचत नाही, आणि पोयणीचा देठ ती कापत नाही, ब्रेडेड कापते. रीलवर आधी आठ-दहा मीटर मोनो गुंडाळून मग ब्रेडेड जोडायची, नाहीतर ओढ लागली की अख्खी दोरी स्पूलवर गरगर फिरते आणि दोष ड्रॅगला (रीलच्या ब्रेकला) दिला जातो. शेवटचा मीटरभर दोर दर तासाला नखात धरून पाहायचा. लव सुटलेली दिसली की कापून नवी गाठ.

या महिन्यांत मासा सकाळी साडेआठपर्यंत आणि ऊन कलल्यावर. मरळ हवेत श्वास घेते, तिला वर यावंच लागतं. वर आल्याचा हलका ‘चप’ आवाज आणि दोन-चार बुडबुडे दिसले की नवखा माणूस थेट वलयावर फ्रॉग टाकतो. तोवर ती पुढे गेलेली असते. बुडबुड्यांची रांग ज्या बाजूला सरकते तिच्या दोन मीटर पुढे आणि थोडं पलीकडे टाकायचं, मग ओढत रस्त्यात आणायचं.

जुलै-ऑगस्ट

फ्रॉग बंद. या दिवसांत गवतात गोल जागा मोकळी करून मरळ अंडी घालते, आणि पिल्लांचा लालसर-नारिंगी पुंजका घेऊन आईबाप फिरतात. पुंजका एकदम श्वासाला वर येतो तेव्हा पावसाचे थेंब खालून वर पडताहेत असं दिसतं. त्यावर फ्रॉग टाकला की स्ट्राइक हमखास, कारण भुकेचा प्रश्नच नसतो, ती राखण करत असते. जोडी काढली की पुंजका तासाभरात इतर मासे साफ करतात. असा मासा ‘लागला’ म्हणून मिरवण्यात काही कसब नाही, हे आमचं स्पष्ट मत.

हे दोन महिने टेबलावरच्या कामाचे.

पहिलं काम गळती. नवा फ्रॉगसुद्धा पाणी घेतो, हुकचा दांडा नाकातून बाहेर येतो तिथून. फ्रॉग बादलीत बुडवून दाबा. बुडबुडे पोटाच्या भोकातून आले तर ठीक, ते भोक पाणी पिळून काढायला असतंच. नाकाशी आले तर दिवसभर वाळवून दांड्याभोवती सुपरग्लूचा एक थेंब. दोन थेंब घातले तर रबर कडक होतं आणि चाव्यात नाक दबत नाही.

दुसरं काम हुकच्या टोकांचं, आणि सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. दुहेरी हुकची टोकं कारखान्यातून अंगाला चिकटून येतात. पकडीने प्रत्येक टोक दीड-दोन मिलिमीटर वर आणि किंचित बाहेर वळवायचं, दोन्ही सारखी. तपासणी अशी: अंगठा नाकाकडून शेपटीकडे अंगावरून फिरवा. टोक लागता कामा नये. मग दोन बोटांत फ्रॉग चेपा. निम्मा चेपल्यावर दोन्ही टोकं कातडीला टोचली पाहिजेत. पहिल्या तपासणीत टोचलं तर वाक जास्त झालाय, प्रत्येक ओढीला पोयणीचं पान येणार. दुसऱ्या तपासणीत टोचलं नाही तर मरळीच्या हाडकट टाळूत काही रुतणार नाही. एकच हुक पुन्हापुन्हा वाकवू नका, बाक तिथेच मोडतो.

तिसरं, झालर. कापून तीन सेंमी. लांब झालर पाण्यात सुंदर दिसते, पण मरळ नेमकी तिलाच धरते.

सप्टेंबर-ऑक्टोबर, तळं तुडुंब

खरा हंगाम. पानं दाट, पाणी स्वच्छ होत आलेलं. वळवलेले हुक आणि कापलेली झालर यांनी हुक न लागणारे चावे कमी झाले, पण दाट पानांवर तेवढं पुरत नाही. पुढचा बदल: पोटाच्या भोकातून शिशाचे छोटे छर्रे, एकूण दोन ग्रॅम, मागच्या बाजूला. फ्रॉग शेपूट बुडवून बसतो, हुक पाण्याच्या रेषेखाली जातो आणि खालून आलेल्या तोंडात आधी तोच सापडतो. किंमत मोजावी लागते: शेवाळ जास्त गोळा होतं. म्हणून भरलेला फ्रॉग पानांतल्या खिडक्यांसाठी (मोकळ्या जागांसाठी), रिकामा सलग चादरीसाठी. तीन ग्रॅमच्या पुढे तो पानावर चढत नाही, खाली घुसतो.

चाल: बासला खिडकीत दहा-बारा सेकंद थांबवणं चालतं. मरळीला एकसारखे छोटे झटके, खिडकी आली की दोन-तीन सेकंद थांबा, पुन्हा चाल. मागे पाण्याचा फुगवटा येऊ लागला तर वेग वाढवू नका, थांबवूही नका.

हुकसेट (हुक रुतवायचा झटका) अजूनही सगळ्यांचा लवकर होतो. फटका ऐकू आला की हात आपोआप उठतो. क्रम असा: रॉडचं टोक पाण्याकडे, ढिलाई गुंडाळायची, वजन हाताला लागलं की मगच वर. चुकला तर फ्रॉग तिथेच राहू द्या, बऱ्याचदा दुसरा चावा येतो. नाहीच आला तर दुसऱ्या रॉडवर 4/0 मापाच्या ऑफसेट (मानेशी वाकवलेल्या) हुकावर चार इंची मऊ शॅड (रबरी मासा), बिनवजनाचा, त्याच भोकात.

लागल्यावर पहिले तीन सेकंद महत्त्वाचे. ड्रॅग जवळपास बंद, डोकं वर. हायड्रिलात घुसलीच तर ओढाताण करू नका, चार किलो गवत आणि एक किलो मासा रॉड मोडतो. दोर ताणून ठेवा, दोराच्या रेषेत जवळ जा, हाताने गवत सोडवा. पायात बूट हवाच, शिंगाड्याचे काटे पातळ चप्पल पार करतात. ढीवरांनी लावलेल्या शिंगाड्याच्या वाफ्यात कास्ट करायची नाही, ते पीक आहे. तळ्याचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे, तिची परवानगी आधी.

बासला अंगठ्याने ओठ धरून उचलतात. मरळीला असं धरलं तर अंगठा फाटतो, दात आहेत. लिप-ग्रिप (ओठ धरायचा चिमटा) आणि लांब पकड वापरा. सोडायची असेल तर ओल्या हाताने धरा. हवेत ती तग धरते म्हणून तापल्या मातीवर ठेवायची नसते, अंगावरचा चिकट थर जातो.

डिसेंबर-जानेवारी

सकाळी उगाच थंडी खाऊ नका, अकरा ते तीन पुरे. गार पाण्यात फ्रॉगचं रबर कडक होतं, ऑगस्टमध्ये निम्म्यात टोचणारी टोकं आता टोचत नाहीत. कास्टच्या आधी फ्रॉग मिनिटभर मुठीत धरला की मऊ होतो. बेशरमच्या झुडपांच्या दक्षिण बाजूला, ऊन लागणाऱ्या वीतभर पाण्यात मासा असतो, पण चावा मरगळलेला.

तिसऱ्या हुकचा, म्हणजे मागे लोंबणाऱ्या एकेरी 1/0 चा प्रश्न अजून सुटलेला नाही. मोकळ्या पाण्यात तो झालरीवरचे चावे पकडतो. पोयणीत तिसऱ्या ओढीला देठ घेऊन येतो. रबरी नळीचा तुकडा घालून तो ताठ, टोक वर, बसवून पाहिला: देठ कमी झाले, पण फ्रॉग डावीकडे झुकू लागला. आता नळी अर्धी कापून आणि उजव्या बाजूला एक छर्रा घालून.