तुम्ही विचारलंत म्हणून: बदाम-बिस्किटांचे दोन डबे कशासाठी?

चिनी नववर्षाच्या दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोतल्या आमच्या घरी जो कोणी येतो, तो मेजावरचे बदाम-बिस्किटांचे दोन डबे पाहतो आणि विचारतो की बिस्किटे एकसारखीच आहेत, तर डबे दोन का? माझ्या मराठी मैत्रिणी आणखी पुढे जाऊन म्हणतात की ही तर आपली नानकटाईच आहे, तिचा एवढा व्याप कशाला? सासरच्या कँटनीज, म्हणजे मूळच्या दक्षिण चीनमधल्या, मंडळींपैकी काहींना वाटते की मी त्यांच्या हातचे वेगळे काढून ठेवते. आजवर मी "चवीत थोडा फरक आहे" असे म्हणून वेळ मारून नेली. ते खोटे नाही, पण खरे कारण तेही नाही, आणि दरवर्षी तेच अर्धवट उत्तर देण्याचा मला आता वीट आला आहे.

एका डब्यातली बिस्किटे डुकराच्या चरबीत आणि अंडे घालून केलेली असतात, दुसऱ्यातली साजूक तुपात, अंड्यावाचून. चरबीच्या बिस्किटावर सालासकट अख्खा बदाम दाबलेला असतो, तुपाच्या बिस्किटावर सोललेली बदामाची फाक. एवढी खूण घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे.

चरबी हा शब्द ऐकून ज्यांचा चेहरा बदलतो, त्यांना मला आधी सांगायचे आहे की या बिस्किटात ती घालणे ही काटकसर नाही आणि गावंढळपणाही नाही. दक्षिण चीनमधल्या स्वयंपाकात डुकराची चरबी पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते, आणि तिच्यामुळे बिस्किटाला जो खुसखुशीतपणा येतो, तो लोण्याने येत नाही, कारण लोण्यात सहाव्या हिश्श्याच्या आसपास पाणी असते. तुपात ते पाणी नसते, पण तूप लवकर वितळते आणि बिस्कीट तव्यावरच्या धिरड्यासारखे पसरते. म्हणून मी तूप थिजवून घेते, परातीत तळहाताने पांढरे होईपर्यंत फेसते, 240 ग्रॅम मैदा, 60 ग्रॅम बदामाची पूड आणि 150 ग्रॅम पिठीसाखरेत मिसळते आणि गोळा तासभर फ्रीजमध्ये ठेवते. मग 165 अंशांवर अठरा-वीस मिनिटे. हे फेसणे मी आईच्या नानकटाईवरून शिकले, तेवढ्यापुरते माझ्या मैत्रिणींचे म्हणणे बरोबर आहे. नानकटाईतल्या 'खताई'चा संबंध काहीजण खता, म्हणजे उत्तर चीनच्या जुन्या फारसी नावाशी जोडतात, तेव्हा नाते असेलही. परंतु नानकटाईला वेलदोड्याचा वास असतो, आणि या बिस्किटांचा वास येतो तो कडू बियांच्या अर्काचा. चिनी स्वयंपाकात ज्याला बदाम म्हणतात, तो बहुधा जर्दाळूच्या बीतला गर असतो. तेव्हा ही नानकटाई नव्हे.

आता 2018 सालाकडे येते. त्या वर्षी चिनी नववर्ष 16 फेब्रुवारीला, शुक्रवारी होते आणि आई सातारहून पहिल्यांदाच आमच्याकडे आली होती. आई माळकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ आल्यापासून, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीपासून, तिने मांस-मासे सोडाच, अंडेही शिवलेले नव्हते. पहिल्या दिवशी आम्ही सासूबाईंकडे गेलो. त्यांना मी नाय-नाय म्हणते. कँटनीज घरांत बरेच लोक वर्षाच्या पहिल्या दिवशी मांसाहार करत नाहीत, नाय-नायही करत नाहीत. त्या दिवशी त्यांच्याकडे मशरूम, टोफू, कोबी आणि काचेसारख्या शेवयांचे 'जाय', म्हणजे व्रताचे शाकाहारी जेवण, होते. नवऱ्याने आईला जायचा अर्थ समजावून सांगितला, तेव्हा तिचा चेहरा उजळला. परत येताना ती मला म्हणाली, "अगं, हे तर आपल्या एकादशीसारखंच." त्या एका दिवसाने तिला त्या घराचा विश्वास वाटू लागला, आणि पुढे जे झाले ते त्या विश्वासामुळेच झाले.

दुसऱ्या दिवशी मांसाहाराने वर्ष उघडायचे असते. आईसाठी मी घरून पोळीभाजी नेली होती. जेवणे झाल्यावर नाय-नायनी बिस्किटांचा डबा उघडला, दोन बिस्किटे बशीत ठेवली आणि ती बशी दोन्ही हातांनी आईपुढे धरली. मी दोघींच्या मध्ये बसले होते. त्या बिस्किटांत काय आहे हे मला ठाऊक होते. आठवड्यापूर्वी मीच नाय-नायच्या ओट्याशी उभी राहून ती चरबी मोजून दिली होती. मला फक्त "आई, नको" एवढे म्हणायचे होते, आणि मी ते म्हटले नाही.

का म्हटले नाही, याची कारणे मी पुढे कित्येक महिने स्वतःला देत राहिले. दोन्ही हातांनी पुढे केलेली बशी नाकारणे हा अपमान झाला असता. लग्नाला चार वर्षे झाली होती, पण दोन्ही आया एका खोलीत बसून हसत आहेत असे पहिल्यांदाच घडत होते. एका बिस्किटाने काय होते, असेही मनात आले असेल. ही सगळी कारणे तेव्हा मला पटत होती. आज ती लिहून काढताना त्यांतल्या एकाही कारणात आई कुठे नाही, हे मला दिसते.

आईने एक खाल्ले, मग दुसरे खाल्ले. डोळे मिटून म्हणाली, "जर्दाळूच्या बिया फोडून खायचो ना लहानपणी, तोच वास." नाय-नायनी तिसरे दिले, तेही तिने खाल्ले. तिला कृती हवी होती. सोमवारी नाय-नाय साहित्य घेऊन आमच्या घरी आल्या आणि दोघी हातवाऱ्यांनी बोलत ओट्याशी उभ्या राहिल्या. आईने बरणीतला पांढरा गोळा बोटाने उचलला, हुंगला आणि मला विचारले, "हे तूप कसलं गं?" मी उत्तर देण्याच्या आत नवऱ्याने, त्याला काहीच ठाऊक नसल्यामुळे, सरळ सांगून टाकले.

आई रागावली नाही. तिने हात धुतले, आणि मग पुन्हा धुतले. संध्याकाळी मी तिच्या खोलीत गेले, तेव्हा तिने माळ काढून रुमालात बांधून ठेवली होती. मी तिला म्हणाले, "नकळत खाल्लं, आई. नकळत झालेल्याचा दोष लागत नाही."

"मला नकळत," ती म्हणाली. "तुला नाही."

पुढचे तीन आठवडे ती आमच्याकडे माळेविना राहिली. सातारला परतल्यावर पंढरपूरला जाऊन तिने माळ पुन्हा घातली. नाय-नायना सारे कळले, तेव्हा त्या दोन संत्री घेऊन आल्या, आईपुढे बसल्या आणि नवऱ्याकरवी म्हणाल्या की मीही पहिल्या दिवशी जाय पाळते, मला कोणी सांगितले असते तर मी हिच्यासाठी वेगळे केले नसते का? हे त्या आईला सांगत होत्या, पण पाहत माझ्याकडे होत्या. त्या दिवसापर्यंत माझी समजूत होती की मी दोन घरांच्या मधला पूल आहे आणि चूक झालीच तर ती संस्कृतींमधल्या अंतराची आहे. पण तिथे अंतर नव्हतेच. एक बाई एकादशी जाणत होती, दुसरी जाय जाणत होती, आणि दोघींमध्ये बसून मी गप्प राहिले होते.

दोन डबे पुढच्या वर्षापासून सुरू झाले. दोन्हींची झाकणे लाल असतात, कारण सणात एक डबा शुभ आणि दुसरा साधा असे दिसता कामा नये, असा नाय-नायचा आग्रह आहे. तुपाची बिस्किटे मी आधी भाजते, वेगळ्या ट्रेमध्ये. त्यांना अंड्याऐवजी दूध लावते, त्यामुळे सोनेरी रंग थोडा फिका येतो, आणि सोन्याच्या नाण्यांसारखी दिसायला हवीत ती बिस्किटे फिकी दिसतात, हे मला अजून खुपते. तुपाचा डबा पहिल्या दिवशी उघडतो आणि चरबीचा दुसऱ्या दिवशी. नाय-नाय आता पहिल्या दिवशीच्या चहाबरोबर तुपाचेच बिस्कीट घेतात.

नवऱ्याची भाची मला म्हणते की मामी, सगळीच तुपात कर, म्हणजे प्रश्नच मिटेल. मीही एके काळी तसाच विचार केला होता. पण नाय-नायच्या आईने केलेली, त्यांनी केलेली आणि मला शिकवलेली बिस्किटे माझ्या एका चुकीपायी मोडीत काढणे मला न्यायाचे वाटत नाही. आणि कबूल करायचे तर मी स्वतः चरबीचीच खाते, मला तीच जास्त आवडतात. दोन डबे मांडल्याने मी त्या शनिवारची भरपाई करते आहे की नुसता तो शनिवार दरवर्षी मेजावर मांडते आहे, हे मला नीट सांगता येत नाही. कधी पहिले वाटते, कधी दुसरे.

कोणी सातारला जाणारे भेटले की तुपाच्या बिस्किटांचा एक लहान डबा मी आईसाठी पाठवते. डबा पोचला की तिचा फोन येतो, ती नाय-नायची विचारपूस करते, डबा मिळाला म्हणते. बिस्किटे कशी झाली, हे ती सांगत नाही. ती स्वतः खाते की शेजारीपाजारी वाटून टाकते, हे मी तिला अजून विचारलेले नाही.