बीप वाजली म्हणजे वायर चांगली, असं नसतं

गाडी जुनी आहे, वीस वर्षं कधीच उलटून गेली, आणि मागे उजव्या बाजूच्या दिव्यांनी दोन महिने नुसता छळ मांडला होता. उजवा इंडिकेटर लावला की तो दुप्पट वेगाने टिकटिकायचा आणि त्याच तालावर त्याच बाजूचा टेललाइट मंद-तेज, मंद-तेज व्हायचा. ब्रेक दाबला तर डावा दिवा लखकन उजळायचा आणि उजवा जेमतेम.

पहिल्यांदा सगळे करतात तेच मीही केलं, बल्ब बदलले. मग होल्डर पॉलिश पेपरने घासले, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. दोन दिवस बरं चाललं आणि परत तेच.

खरं तर एक दिवा लावल्यावर दुसऱ्यावर परिणाम होतो म्हटल्यावर तिथेच कळायला हवं की हे अर्थिंगचं काम आहे. टेललाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर, तिघांना प्लसची वायर वेगवेगळी येते पण करंट बॅटरीच्या मायनसकडे परत जायला तिघांत मिळून एकच अर्थची वायर असते. तीन नळांचं पाणी एकाच मोरीत जातं तसं, मोरी अर्धी तुंबलेली असली तर एक नळ सोडला तोवर चालतं, तीनही सोडले की पाणी साचायला लागतं. इंडिकेटर पेटला की अर्थच्या बाजूला व्होल्टेज साचतं आणि तेवढं टेललाइटच्या वाट्याचं कमी होतं. फास्ट टिकटिकायचं कारणही तेच, करंट कमी वाहतोय म्हटल्यावर फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर टिकटिकवणाऱ्या रिलेला, वाटतं एक बल्ब गेलाय.

मग मल्टिमीटर काढला, कंटिन्युटीवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की बीप वाजते ती सेटिंग) लावला, एक टोक दिव्याच्या अर्थ पिनला आणि दुसरं गाडीच्या बॉडीला, कारण बॅटरीचं मायनस बॉडीच्या पत्र्यालाच जोडलेलं असतं, आणि मस्त बीप वाजली. म्हणजे अर्थ चांगला असं समजून मी पुढचे दोन रविवार कॉम्बिनेशन स्विच (स्टिअरिंगपाशी दिवे-इंडिकेटर लावायची दांडी) आणि फ्यूजबॉक्समागे घालवले, तिकडे काहीच नव्हतं.

या बीपबद्दल मला मनापासून सांगायचंय. मीटर कंटिन्युटीसाठी वायरमधून अगदी थोडा, मिलीअँपमधला करंट सोडतो, आणि बऱ्याच मीटरची बीप वीस-तीस ओहम रेझिस्टन्स असला तरी वाजते. दिव्यांना मात्र २१ वॉटचे दोन आणि ५ वॉटचा एक धरून जवळपास ४ अँपिअर लागतात, तिथे एकदोन ओहमनेही वाट लागते. वायरचे बारीक तंतू बहुतेक तुटलेत, उरलेले एकमेकांना नुसते टेकलेत, तरी बीप वाजणार. म्हणून अशा वायरची परीक्षा तिच्यावर लोड असतानाच घ्यायची, म्हणजे दिवा चालू ठेवून तिच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट पडतात ते बघायचं. याला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात. अर्थच्या बाजूला ०.१, फार तर ०.२ व्होल्टपर्यंत ठीक.

तर मीटर डीसी व्होल्टवर, काळं टोक थेट बॅटरीच्या मायनसला लांब वायर जोडून, लाल टोक दिव्याच्या अर्थ पिनला, भावाला ब्रेकवर पाय ठेवून बसवलं. रीडिंग ०.०८. म्हणजे उत्तम! दिवाही झकास पेटलेला. डोकंच चालेना. भाऊ आतून म्हणाला, अरे डिकी उघडी आहे ना, ती बंद करून बघितलंस का?

ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. दिवा डिकीच्या झाकणात बसवलेला, काम करताना झाकण उघडं, आणि गाडी चालते तेव्हा झाकण बंद. मग अर्थ पिनला एक बारीक वायर लावून ती डिकीच्या रबरावरून बाहेर काढली, झाकण हळूच लावलं आणि बाहेर मोजलं. ब्रेक दाबल्यावर ३.२ व्होल्ट. झाकणावर हात दाबला की आकडा हलायचा. बॅटरीला तेव्हा १२.५ होते, म्हणजे बल्बला राहिले नऊच्या आसपास, आणि साध्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या हिशोबात घटत नाही, बारा ऐवजी नऊ मिळाले तर उजेड तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास येतो. दोन महिने मागच्या गाडीवाल्याला माझा ब्रेक जेमतेम दिसत होता, याचं मला खरंच वाईट वाटलं.

आता जागा शोधायची गरजच नव्हती. झाकण हलल्यावर वाकते अशी वायर एकच ठिकाणी असते, बिजागरीपाशी रबरी नळीतून जाते तिथे. जुन्या गाडीत दाराच्या बिजागरीतली, डिकीची, आणि इंजिनच्या मागच्या पत्र्यातून आत येते तिथली वायर आधी बघावी, हजारो वेळा वाकून किंवा घासून ती तिथेच मरते.

बॅटरीचं मायनस आधी काढलं, प्लस आधी काढलं आणि पाना बॉडीला टेकला की थेट शॉर्ट. मग रबरी नळी मागे सरकवली. अर्थच्या वायरचं कव्हर चिरलेलं, आत पाणी शिरून तांब्यावर हिरवा कळंक चढलेला, बोटाने वाकवली तर तंतू भुग्यासारखे गळले. आणि तिच्या शेजारी ब्रेकच्या प्लसच्या वायरचं कव्हरही तडकून तांबं दिसत होतं! मागे एकदा फ्यूज गेला होता त्याचं कारण हे. गाडी माझ्याकडे यायच्या आधी कोणीतरी तिथे १० अँपिअरच्या लाल फ्यूजऐवजी २० चा पिवळा बसवून ठेवलेला होता, तो मी त्याच दिवशी काढला. फ्यूज बल्बला नाही, वायरला वाचवायला असतो, मोठा घातला की वायरच फ्यूज होते आणि ती कार्पेटखाली जळते.

वायर कापत गेलो तर कव्हरच्या आत तांबं काळं, चारेक इंच मागे गेल्यावर चकचकीत लागलं. काळ्या तांब्याला ना सोल्डर धरत ना क्रिम्प (धातूची नळी दाबून केलेला जोड) टिकत, त्यामुळे तिथे कंजुषी करू नका. दोन्ही वायरींचा तेवढा तुकडा बारीक तंतूंच्या लवचीक वायरने बदलला, जाडी मूळ वायरएवढीच, रंगही तोच, कारण पुढे कोणी उघडलं तर त्याला कळायला हवं. (युरोपियन गाड्यांत अर्थ बहुतेक वेळा ब्राऊन, जपानी गाड्यांत काळी.) जोड क्रिम्प केले, आणि बिजागरीच्या दोन्ही बाजूंना, वाकण्याच्या जागेपासून लांब. सोल्डर मुद्दाम टाळलं, ते तंतूंमध्ये वर चढतं आणि वायर तिथे काडीसारखी कडक होते, मग ती नेमकी त्या कडेला तुटते. दोन जोड शेजारी-शेजारी न ठेवता मागेपुढे ठेवले, वरून आत गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी), आणि बाहेरून कापडी टेप, साधी पीव्हीसी टेप उन्हात चिकट होऊन सुटते. झाकण पूर्ण उघडल्यावर ताण येऊ नये एवढा ढील ठेवला.

झाकण बंद करून परत मोजलं, टेललाइट, ब्रेक, इंडिकेटर तीनही चालू ठेवून. ०.०६ व्होल्ट. झाकण दहा वेळा उघडलं, लावलं, दाबलं, आकडा हलला नाही. त्याच नळीतल्या बाकीच्या तीन वायरींचं कव्हरही कडक झालंय, अजून चिरलेलं नाही, पण पुढच्या रविवारी त्याही बदलतोय.