‘अंगठा जुळलाय, म्हणजे पैसे तुमच्या आईनंच काढले’

आईच्या खात्यातून आधारच्या अंगठ्यावर वीस हजार रुपये गेले आणि बऱ्याच खटपटीनंतर ते परत मिळाले. ही गोष्ट २०२३ च्या उन्हाळ्यातली. पण बँकेतल्या एका टेबलासमोर ऐकलेलं वर दिलेलं वाक्य आठवलं की आजही माझं डोकं तापतं. ज्यांच्या घरी असं घडेल त्यांनाही बहुधा हेच ऐकवलं जाईल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आई गावी असते. दुपारी तिच्या मोबाइलवर बँकेचे दोन मेसेज आले, इंग्रजीतून. संध्याकाळी शेजारच्या मुलाकडून तिनं ते वाचून घेतले आणि लगेच मला फोन केला. दहा-दहा हजार, लागोपाठ. तूर विकून आलेले पैसे होते ते. तिच्याकडे ना एटीएम कार्ड, ना फोनवर यूपीआय. ओटीपी तिनं कुणाला सांगितला नव्हता, कारण ओटीपी मुळात आलाच नव्हता.

त्याच रात्री मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि पोचक्रमांक घेतला. यात अडचण काही आली नाही. फोन लावण्याआधी खातं क्रमांक, मेसेजमधली वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक कागदावर लिहून ठेवा, पलीकडचा माणूस हेच विचारतो. उशीर मात्र करू नका. अशा व्यवहारात पैसे आधी एजंटाच्या (बँकेच्या वतीनं अंगठा घेऊन रोख देणाऱ्या माणसाच्या) खात्यात किंवा वॉलेटमध्ये जमा होतात, तिथं ते असेपर्यंतच अडवता येतात. आमचे तोवर पुढे गेले होते.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन शाखेत गेले, आणि तिथं सगळं अडलं.

टेबलामागच्या साहेबांनी स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाले, "हा एईपीएसचा व्यवहार आहे. आधारवर झालाय. अंगठा जुळलाय, म्हणजे पैसे तुमच्या आईनंच काढले." एईपीएस म्हणजे आधार क्रमांक आणि अंगठ्यावर पैसे काढायची सोय. मी म्हटलं, आई इथंच गावात होती, पैसे कुठून निघाले ते सांगा. त्यांनी एजंटाचा कोड पाहिला. दुसऱ्या बँकेचा एजंट, तोही दुसऱ्या राज्यातला. तरी त्यांचं म्हणणं तेच. वर, "वयोमानानं विसरायला होतं माणसाला." आई समोर बसलेली असताना. शेतीचा सगळा हिशेब तोंडपाठ असलेल्या बाईला हे ऐकवलं. लेखी तक्रार द्यायला गेले तर ती घेईनात. "त्या दुसऱ्या बँकेकडे जा, पोलिसांकडे जा, आमच्याकडून सिस्टिम बरोबर आहे."

त्यानंतरही मी जात राहिले. कधी साहेब रजेवर, कधी मीटिंगमध्ये, कधी "वरून मेल आला की कळवतो". अर्जावर पोचेचा शिक्का द्यायला तर कुणीच तयार नव्हतं, आणि खरी मेख त्या शिक्क्यातच असते. शिक्का नाही म्हणजे तक्रारीची तारीख नाही, आणि तारीख नाही म्हणजे बँकेवर कसलीच मुदत लागू होत नाही. शेवटी मी अर्ज रजिस्टर पोस्टानं (आता हे स्पीड पोस्टातच मिळतं) पोचपावतीसह शाखेला पाठवला आणि तोच बँकेच्या मुख्य नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी पाहणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याला, ईमेल केला. त्यांचा पत्ता बँकेच्या वेबसाइटवर द्यावाच लागतो. तुम्ही हे पहिल्याच दिवशी करा, शाखेतल्या शिक्क्याची वाट पाहू नका.

आता ‘अंगठा जुळला’ याचा अर्थ काय, ते नीट समजून घ्या. गावातला एजंट छोट्या मशीनमध्ये आधार क्रमांक टाकतो, बँकेचं नाव निवडतो आणि अंगठा स्कॅन करतो. ती माहिती त्याच्या बँकेकडून एनपीसीआयमार्फत (बँकांमधले असे व्यवहार जोडणारी संस्था) आधारच्या यंत्रणेपर्यंत जाते. यंत्रणा उत्तर देते: ठसा नोंदीतल्या ठशाशी जुळतो किंवा जुळत नाही. पिन नाही, ओटीपी नाही, कार्ड नाही. ठसा जुळणं आणि ते बोट जिवंत माणसाचं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठशावरून रबराचा किंवा सिलिकॉनचा साचा करता येतो. २०१८ मध्ये तेलंगणात एका मोबाइल दुकानदारानं जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे उचलून, त्यांचे साचे करून लोकांच्या नावावर सिमकार्डं चालू केल्याचं उघड झालं होतं. खरेदीखतावर अंगठे असतात, आधार क्रमांकही असतो. म्हणजे एका कागदावर दोन्ही गोष्टी तयार. नकली बोट ओळखण्यासाठी आधार प्राधिकरणानं २०२३ मध्ये ठशाच्या रेषांबरोबर बोटाची प्रतिमाही तपासण्याची जोड दिली. बनावट ठशांची काळजी नसती, तर अशी जोड द्यावी लागली नसती. आईचा ठसा नेमका कुठून गेला ते मात्र अजून कळलेलं नाही.

हे सगळं मी साहेबांना समजावत होते तेव्हा आई मध्येच म्हणाली, "साहेब, त्या दिवशी मी रेशनला गेले होते. तिथंबी अंगठा दिलाय." तोवर हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आमचं काम इथूनच मार्गी लागलं.

आधारच्या वेबसाइटवर आपला अंगठा, ओटीपी कुठं-कुठं वापरला गेला त्याचा इतिहास मिळतो, मागच्या सहा महिन्यांतला. तारीख, वेळ, प्रकार आणि कोणत्या संस्थेनं विचारणा केली ते त्यात दिसतं. पण तिथं ओटीपी लागतो, आणि आईच्या आधारला मोबाइलच जोडलेला नव्हता. आधार केंद्रात जाऊन तो जोडून घेतला. कागदपत्रं लागत नाहीत, पण माणूस स्वतः हजर लागतो. नंबर चढल्यावर इतिहास उघडला. अकराच्या सुमाराला रेशनच्या मशीनवर आईचा अंगठा, जुळला. त्यानंतर तासाभराच्या आत त्या परक्या बँकेच्या नावावर एक प्रयत्न, जुळला नाही. मग आणखी एक, जुळला. मग पुन्हा एक, जुळला. सकाळी आमच्या गावात आणि तासाभरात हजारभर किलोमीटर दूर? प्रिंट काढली, रेशन दुकानदाराकडून त्या दिवसाच्या पावतीची प्रत घेतली आणि दोन्ही अर्जाला जोडून पुन्हा पाठवलं.

अर्जात एक परिच्छेद मुद्दाम घातला होता. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लागू होतं (सहकारी बँकांसाठी त्याच वर्षीच्या डिसेंबरात वेगळं निघालं). त्यात म्हटलं होतं: त्रयस्थानं गैरप्रकार केला असेल, ग्राहकाची चूक नसेल आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर ग्राहकाला तोटा शून्य. बँकेनं कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची, आणि नव्वद दिवसांत तक्रार निकाली काढायची. सगळ्यात महत्त्वाचं, चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. म्हणजे ‘तुम्हीच काढले नाहीत हे दाखवा’ असं म्हणायचा अधिकारच साहेबांना नव्हता. ‘त्या दुसऱ्या बँकेकडे जा’ हेही चुकीचं. खातं ज्या बँकेत आहे तिनंच एनपीसीआयमार्फत समोरच्या बँकेशी वाद मांडायचा असतो.

तरी तीस दिवस धड उत्तर आलं नाही. मग रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर तिच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) तक्रार केली. फी नाही, वकील लागत नाही, अडलं तर १४४४८ वर विचारता येतं. सोबत रजिस्टरची पोचपावती, १९३० चा पोचक्रमांक, पोलिसांत दिलेल्या अर्जाची प्रत आणि आधारचा इतिहास जोडला. लोकपालाकडून बँकेला विचारणा गेली आणि इतके दिवस मीटिंगमध्ये असलेल्या शाखेतून मला फोन आला, "मॅडम, एक सही करून जाता का?" निकाल लागायच्या आधीच पूर्ण वीस हजार खात्यात जमा झाले. आईनं पासबुकात नोंद करून घेतल्याशिवाय काउंटर सोडलं नाही, आणि जाता जाता त्या साहेबांना म्हणाली, "मी विसरले नव्हते." मला पैशांपेक्षा त्याचा आनंद जास्त झाला.

एक गोष्ट आधी सांगायची राहिली. आधारला मोबाइल जुळेपर्यंत मधे काही दिवस जातात आणि चोराकडे ठसा असतोच. त्या काळात खात्यातली उरलेली रक्कम आधार न जोडलेल्या खात्यात वळवा. आम्ही बँकेला अर्ज देऊन एईपीएसची सोयही बंद करून घेतली. मोबाइल जुळला की त्याच दिवशी बायोमेट्रिक लॉक करा, आधारच्या ॲपवरून होतं. लॉक असताना कुणी ठसा लावला तरी व्यवहार पुढं जात नाही.

लॉक केल्यावर रेशनच्या मशीनवरही अंगठा चालत नाही, हेही लक्षात ठेवा. पहिल्या महिन्यात आईला रांगेतून परत यावं लागलं. आता ती दुकानातून मला फोन करते, तिच्या मोबाइलवर आलेला ओटीपी वाचून दाखवते, मी लॉक थोड्या वेळापुरतं उघडते, ती अंगठा देते आणि धान्य घेते. ठरावीक वेळानं लॉक आपोआप परत लागतं, तरी मी एकदा ॲप उघडून बघतेच. निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्यालाही हीच अडचण येईल, तेव्हा नोव्हेंबरात घरच्या म्हाताऱ्या माणसांना आधीच सांगून ठेवा.