तुम्ही विचारलंत म्हणून : किती झाडं लावलीत?

आम्ही काही जण मिळून जमिनीचा एक तुकडा सांभाळतो. तिथे येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा बांधावर थांबतो, आत नजर फिरवतो आणि विचारतो, "किती झाडं लावलीत?" गेली बारा वर्षं मी हा प्रश्न ऐकते आहे. "एकही नाही," असं म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. मग दुसरा प्रश्न येतो, "मग इतकी वर्षं केलंत काय?" याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

विचारणाऱ्यांचा मला राग येत नाही, कारण मीही त्याच वाटेने आले. शिकत असताना एका मोठ्या वृक्षारोपण मोहिमेत मी स्वयंसेवक होते. एका गवताळ माळावर आम्ही ओळीने खड्डे खणले आणि एकाच जातीची, झपाट्याने वाढणारी परदेशी रोपं लावली. ती जगली, चांगली उंच झाली. दहाएक वर्षांनी मी परत गेले तेव्हा तिथे गार सावली होती आणि सावलीखाली जाड पाचोळा सोडून काही नव्हतं. आम्ही खड्डे खणत होतो तेव्हा पावलापावलाला समोरून चंडोल उडायचे. त्यांना घरट्यासाठी उघडं गवत लागतं. तेच आम्ही झाकून टाकलं होतं. त्या माळाला आम्ही सगळे 'पडीक' म्हणत होतो. तिथे आधीच कुणीतरी राहतंय, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. ती खंत माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

ही चूक आमच्या एकट्यांची नव्हती. कच्छमधल्या बन्नीच्या गवताळ प्रदेशात 1960 च्या दशकात वाढतं खारेपण रोखण्यासाठी वेडी बाभूळ लावली गेली. ती अशी पसरली की गुरं पाळून जगणाऱ्या मालधारींच्या गवताचा मोठा भाग तिच्या काट्यांखाली गेला. स्कॉटलंडच्या उत्तरेला फ्लो कंट्री नावाचा दलदलीचा विस्तीर्ण प्रदेश आहे. अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे, म्हणजे पीटचे थर तिथे हजारो वर्षं साचत आले आहेत आणि त्यांत प्रचंड कार्बन आहे. 1980 च्या दशकात झाडं लावण्यावर मिळणाऱ्या करसवलतीच्या आशेने अनेकांनी तिथे पैसा घातला. चर खणून दलदल सुकवली गेली आणि सूचिपर्णी झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या. 1988 मध्ये सवलत बंद झाली. आज तिथे निसर्गरक्षणाचं काम करणारे लोक तीच झाडं तोडताहेत आणि तेच चर बुजवताहेत. 2024 मध्ये या दलदलीला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. निसर्ग वाचवायला झाडं तोडणारी माणसं, हे चित्र पचायला मला वेळ लागला. ज्या जमिनीचा स्वभाव झाडांचा नाही, तिच्यावर झाडं लादणं ही तिची मोडतोडच आहे.

आता 'केलंत काय' याकडे येते. आम्ही करतो त्याला पुनर्वन्यीकरण म्हणतात. हा शब्द जड वाटतो. रीवाइल्डिंग म्हटलं की निदान काहींना ओळखीचं वाटतं. मी ते असं समजावते : कोणत्याही रानात हजारो कामं चाललेली असतात. कुणी बी दूरवर नेऊन टाकतं, कुणी गवत खाऊन आटोक्यात ठेवतं, कुणी पाणी अडवतं, कुणी मेलेलं कुजवून मातीत मिळवतं. यातलं एखादं काम करणारं नाहीसं झालं की रान हळूहळू बिघडतं आणि ते बिघडणं आपल्याला लगेच दिसत नाही. कोण नाहीसं झालंय ते शोधायचं, त्याची परतीची वाट मोकळी करायची, ते आपणहून येण्यासारखं नसेल तर आणून सोडायचं आणि मग आपण मागे सरायचं. इतकंच आमचं काम. त्यात मागे सरणं सगळ्यांत अवघड.

यासाठी मी लोकांना नेहमी पूर्व आफ्रिकेतल्या सेरेंगेटी या गवताळ रानाची गोष्ट सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुळकांडी हा गुरांचा साथीचा रोग आफ्रिकेत पोचला. गुरं मेली, गुरांवर जगणारी माणसं उपाशी मेली आणि विल्डबीस्टसारख्या रानटी खुरवाल्यांचे कळप खंगले. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यावर आसपासच्या पाळीव गुरांना लस टोचली गेली आणि 1960 च्या दशकात रानातल्या जनावरांतूनही हा रोग गेला. रानातल्या एकाही जनावराला कुणी सुई टोचली नव्हती. अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट 1970 च्या दशकाच्या अखेरीस तेरा लाखांवर पोचले. तेवढ्या तोंडांनी गवत खाल्लं. गवत खुरटं राहिलं, त्यामुळे दरवर्षी मैलोन्‌मैल पेटणारे वणवे कमी झाले. वणवे कमी झाले, तशी पूर्वी कोवळी असतानाच जळून जाणारी झाडं वाढू लागली. वणव्यांतून हवेत कार्बन सोडणारा तो सगळा प्रदेश आता कार्बन साठवू लागला. तिथली झाडं कुणी लावलेली नव्हती. गुरांच्या डॉक्टरांनी एक रोग हटवला आणि त्यातून रान वाढलं. 2011 मध्ये बुळकांडी जगातूनच संपली. कुठल्याही वृक्षारोपणाच्या आकड्यापेक्षा मला ही बातमी मोठी वाटते.

बी नेणाऱ्यांचं काम बघायचं तर मॉरिशसजवळच्या एग्रेट नावाच्या छोट्या बेटावर बघावं. तिथल्या एबनी नावाच्या झाडाची मोठी फळं एकेकाळी महाकाय कासवं गिळायची आणि चालत चालत बिया दूर टाकायची. माणसांनी ती कासवं खाऊन संपवली. पुढे फळं झाडाखालीच पडून राहू लागली. 2000 साली तिथे अल्डाब्रा या दुसऱ्या बेटाकडची महाकाय कासवं आणून सोडली. ही मूळची नव्हेत, पण काम तेच करणारी. त्यांनी फळं खाल्ली, त्यांच्या विष्ठेतून बिया बेटभर पसरल्या आणि पोटातून जाऊन आलेल्या बिया जास्त चांगल्या रुजल्या. बदली कामगार आणणं योग्य की अयोग्य, यावर आमच्या वर्तुळात कडाक्याचे वाद होतात. मोकळ्या खंडावर मी याला धजणार नाही. पण लहान बेटावर, मंदगती कासवाच्या बाबतीत चूक झालीच तर त्याला उचलून परत नेता येतं. म्हणून तिथे माझी हरकत नाही.

लांडग्यांनी नद्यांचे प्रवाह बदलले, ही अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाची गोष्टही तुम्ही ऐकली असेल. ती मी जरा जपून सांगते. 1920 च्या दशकात तिथले लांडगे मारून संपवले गेले. 1995 आणि 1996 मध्ये कॅनडातून 31 लांडगे आणून सोडले. एल्क हरणं कमी झाली. त्यात अस्वलांचा, प्यूमांचा आणि उद्यानाबाहेरच्या शिकारीचाही वाटा होता. काही ठिकाणी विलोची झुडपं पुन्हा उंच झाली. पण सगळीकडे तसं झालं नाही आणि यातच खरा धडा आहे. लांडगे नसलेल्या सत्तर वर्षांत एल्कनी विलो खाऊन खुरटी केली, विलोवर जगणारे आणि ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर हे प्राणी निघून गेले, त्यांचे बांध मोडले, ओढ्यांनी तळ खोल कापला आणि जमिनीतलं पाणी खाली गेलं. आता विलोला वाढायला वर पाणी हवं, पाणी वर यायला बीव्हरचे बांध हवेत आणि बीव्हरला जगायला विलो हवी. लांडगा परत आला, पण ही गाठ त्याला एकट्याला सुटेना. 2001 पासून वीसेक वर्षं चाललेल्या एका प्रयोगात संशोधकांनी ओढ्यांवर स्वतः छोटे बांध घातले आणि काही झुडपांना कुंपण केलं. तेव्हा पाणी वर असेल तिथे विलो नीट वाढते, हे दिसलं. तुटलेलं सगळंच परत जुळत नाही आणि जुळलं तरी आपल्या हयातीत जुळेलच असं नाही. म्हणून जे अजून शाबूत आहे ते आधी वाचवायला हवं.

मागे सरणं म्हणजे सोडून देणं नव्हे, हे लोकांना नेदरलँड्सने दाखवलं, आणि फार कठोरपणे. 1968 मध्ये पाणी उपसून मिळवलेल्या जमिनीवर ओस्टफार्डर्सप्लासेन नावाची पाणथळ तयार झाली. तिथे 1980 च्या दशकात गायीबैल आणि घोडे, नंतर लाल हरणं सोडली. निसर्ग त्यांची संख्या ठरवेल, अशी कल्पना होती. पण चहूबाजूंनी कुंपण होतं. आत शिकारी नव्हता आणि उपासमारीत दुसरीकडे निघून जायला वाट नव्हती. 2017-18 च्या हिवाळ्यात तीन हजारांहून जास्त जनावरं गेली. बहुतेकांना भुकेने मरण्याआधी गोळी घालावी लागली. लोक कुंपणावरून आत गवताच्या पेंढ्या टाकत होते. पुढे जनावरांच्या संख्येवर मर्यादा घातली गेली. पेंढ्या टाकणाऱ्यांना अडाणी म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्यांना जे दिसत होतं ते खरंच होतं. रानात मरण असतंच, पण तिथे जनावराला चालत निघून जायची मुभाही असते. शिकारी आणि वाट दोन्ही काढून घेतल्यावर उरतो तो कोंडवाडा.

म्हणूनच मायकल सुले आणि रीड नॉस या अमेरिकी जीवशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये पुनर्वन्यीकरणाची मांडणी करताना तीन गोष्टी सांगितल्या : सुरक्षित गाभा, गाभ्यांना जोडणारे मार्ग आणि मोठे शिकारी. आमच्यासारख्यांच्या छोट्या तुकड्यावर वाघ-लांडगे येणार नाहीत. पण आमचा तुकडा ओढ्याकाठाने पलीकडच्या रानाला जोडलेला राहावा, एवढं आम्ही बघू शकतो.

आमच्याकडे सगळ्यांत आधी चर बुजवले. जुन्या मालकांनी पाणी लवकर वाहून जावं म्हणून ते खणले होते. पुढच्या पावसात खालच्या अंगाला पाणी तुंबलं आणि चिखल झाला. शेजाऱ्यांना वाटलं, आम्ही जमीन वाया घालवली. बेडूक आले, चतुर आले, मग बगळे. अमेरिकेत एल्व्हा नदीवरची दोन मोठी धरणं 2011 ते 2014 मध्ये पाडली, तेव्हा अडून राहिलेला गाळ समुद्रापर्यंत गेला आणि सॅमन मासे शंभर वर्षांनी पुन्हा वरच्या पात्रात चढू लागले. तिथल्या क्लॅलम या मूळनिवासी लोकांनी त्यासाठी दशकानुदशकं लढा दिला होता. एवढ्या कामापुढे आमचे चर काहीच नाहीत. पण तत्त्व तेच, अडवणूक काढायची.

दुसरं, पडलेलं आणि वठलेलं झाड आम्ही उचलत नाही. पाहुण्यांना हे अस्वच्छ वाटतं. पण वठलेल्या खोडात सुतार पक्षी ढोली करतो, ती सोडून गेला की तिच्यात पिंगळे आणि पोपट राहतात, आणि सालीखाली भुंग्यांच्या अळ्या असतात. तिसरं, शेजाऱ्यांची थोडी गुरं आम्ही ठरवून, जागा बदलत चरायला घेतो. रानटी तृणभक्षक राहिले नाहीत, तर ते काम निदान थोडं तरी गुरांनी करावं, म्हणून. शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय आम्ही कधीच काही ठरवलं नाही. माणसांना हुसकून रान उभं करणं मला मान्य नाही. आणि परदेशातून येऊन रान व्यापणारी घाणेरी मात्र आम्ही दरवर्षी हाताने उपटतो. ती आपणहून जाणार नाही.

झाडं लावूच नका, असं मी कधी म्हणत नाही. जिथे जंगल होतं, माती वाहून गेली आहे आणि कोसभर परिसरात बी देणारं झाडच उरलेलं नाही, तिथे तिथल्याच जातींची रोपं जरूर लावा, मिसळून लावा. पण 2019 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका विश्लेषणात असं दिसलं होतं की जंगल परत आणण्याचे देशोदेशींचे जे वायदे होते, त्यांतली 45 टक्के जमीन व्यापारी लागवडीसाठी होती. तीच जमीन नैसर्गिक जंगल म्हणून वाढू दिली, तर शतकाअखेर सरासरी 40 पट कार्बन साठेल, असा त्यांचा हिशेब होता. लागवडीतली झाडं दर काही वर्षांनी तोडली जातात. आकडा लावलेल्यांचा मोजला जातो, तोडलेल्यांचा कुणी मोजत नाही.

परत आलात तर बांधावर थांबू नका, आत या. जाड तळाचे जोडे घाला. पाणी तुंबतं त्याच्या वरच्या अंगाला बोरीची आणि करवंदाची काटेरी जाळी आहे. पहिली पाच वर्षं लोक तिच्याकडे बोट दाखवून "साफ करा हे" म्हणत होते. वाकून तिच्या आत बघा. गुरांचं तोंड पोचत नाही अशा जागी, काट्यांच्या मधोमध उंबराचं एक झाड माझ्या खांद्याएवढं झालं आहे. बी कोणत्या पक्ष्याने टाकलं ते आम्हाला माहीत नाही.