कुंपण खाणारी माणसं

मी पुण्यात जपानी भाषा शिकवते. त्यामुळे सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात फिरून आलेलं कुणीतरी हमखास विचारतं, "जपानी लोकांच्या घरीही अशीच बाग असायची का हो?"

छे! ते उद्यान ज्याच्यावर बेतलंय, ते ओकायामाचं कोराकुएन. इकेदा घराण्यातल्या सरंजामदाराने १७०० मध्ये पूर्ण करून घेतलेलं. साध्या घरची बाग म्हणजे आपलं परसदार, आणि तिथल्या प्रत्येक झाडाला काम असे.

क्योतोची जुनी व्यापारी घरं तोंडाशी अरुंद आणि आत लांबच लांब. त्यांना 'वाम माशाचं अंथरूण' म्हणतात. मधल्या खोल्यांत उजेड नि वारा यावा म्हणून दोन-चार चटयांएवढी उघडी जागा सोडत. आपल्या वाड्यातला चौकच, पण मुठीएवढा. उन्हाळ्यात तिथे पाणी शिंपडलं की झुळूक घरात शिरायची.

खेड्यात बऱ्याच ठिकाणी मुलगी झाली की 'किरी'चं झाड लावत. ते भराभर वाढतं, लाकूड हलकं, दमट हवेतही कपडे सांभाळणारं. लग्न ठरलं की झाड तोडून किमोनोची कपाटं करायची. (झाड वाढेना तर मुलीची आई काय म्हणत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.) दाराशी 'नानतेन' असे, लाल फळांचं झुडूप. नावाचा उच्चार 'संकट उलटवणे' असा लागतो, म्हणून. सणाच्या लाल भातावरही त्याचंच पान.

पण माझं आवडतं उदाहरण उत्तर जपानमधल्या योनेझावा गावाचं. अठराव्या शतकात तिथली जहागीर कर्जात बुडालेली. उएसुगी हारुनोरी या तरुण दाइम्योने, म्हणजे तिथल्या सरंजामदाराने, घराघराला 'उकोगी'चं कुंपण लावायला सांगितलं. काटे असल्यामुळे राखण होते आणि कोवळी पानं खाता येतात. आपल्याकडे कुंपण शेत खातं. तिथे माणसंच कुंपण खाऊ लागली! अजूनही वसंतात तिथे ती पानं खुडतात, उकडून चिरतात, भातात मिसळतात. चव किंचित कडसर.

शरदात पर्सिमॉनची तुरट फळं सोलून वळचणीला वाळत टांगायची. मात्र शेंड्यावरचं एखादं फळ झाडावरच ठेवायचं. त्याला 'किमामोरी' म्हणतात, झाडाचा राखणदार. पुढच्या वर्षी झाड पुन्हा लगडावं म्हणून. तोवर पाखरं ते टोचून खातात, त्याला कुणी हरकत घेत नाही.