जिप्सीचे हेडलाइट, भाग ४: भिंत बरोबर, फरशी चुकीची

मंडळी, माझ्या मारुती जिप्सीचं कोडं सुटलं: लो बीमवर असूनही समोरचे गाडीवाले डिप्पर का मारतात, म्हणजे दिवे उघडझाप करून ‘उजेड डोळ्यात येतोय’ असं का सांगतात. दोष बल्बचा नव्हता, काचेचा नव्हता, होल्डरचाही नव्हता. ज्या फरशीवर गाडी उभी करून फोकस सेट होत होता, त्या फरशीचा होता.

मागच्या भागात रिले हार्नेस, म्हणजे बॅटरीतून दिव्यांना थेट वीज देणारं वायरिंग, बसवून झाला होता. नाना पेठेतून आणलेले सात इंची काचेचे दिवे, साधे ६०/५५ वॅटचे हॅलोजन, आणि आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधली भिंत. भिंतीवर कटऑफ, म्हणजे उजेड जिथे संपतो ती वरची कड, अगदी हवा तसा दिसत होता: उजवीकडे सपाट, डावीकडे १५ अंशांत वर चढणारा. ५ मीटरवर दिव्याच्या मध्यापेक्षा ५ सेंटीमीटर खाली, म्हणजे अंतराच्या पुस्तकी १ टक्का. तरी ताम्हिणी घाटात लो बीमवर चालत असताना समोरून डिप्परवर डिप्पर. आपण लोवरच आहोत हे दाखवायला क्षणभर अप्पर दिला, की समोरचा स्वतःचा अप्पर लावून तसाच येतो आणि वळणावर दोघांनाही रस्त्याची कड दिसत नाही. त्यात समोर दुचाकीवाला असेल तर त्याचं काय होत असेल, या विचाराने माझी झोप उडाली होती.

आधी संशय बल्बवर. माझ्या दिव्यांतल्या एच-फोर बल्बमध्ये लो बीमच्या फिलामेंटखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून लोवर रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग काम करतो. वाटी जराशी वाकडी असली किंवा बल्ब होल्डरमध्ये तिरका बसला, तर कटऑफच्या वर उजेड सांडतो. डावा-उजवा बल्ब अदलाबदल करून पाहिला, काही फरक नाही. बल्बचे तिन्ही कान खाचेत नीट बसले होते. मग बकेट, म्हणजे दिवा ज्यात बसतो तो पत्र्याचा डबा, उघडली. उजव्या बकेटची स्प्रिंग गंजून ढिली झाली होती आणि स्क्रूचा नायलॉन नट झिजला होता. दोन्ही बदलले. आता इंजिन चालू असताना भिंतीवरची रेघ थरथरत नाही, आणि एवढ्यानेही मला फार बरं वाटलं. डिप्पर मात्र थांबले नाहीत.

उत्तर मिळालं ते वॉचमन पार्किंग धूत असताना. पाइपचं पाणी जिप्सीच्या खालून वाहत पुढच्या जाळीत गेलं. तिथवर ठीक. पण भिंतीच्या पायथ्याशी टाकलेलं पाणी उलट माझ्या दिशेने आलं आणि त्याच जाळीत पडलं. म्हणजे गाडी आणि भिंत यांच्या मधोमध पन्हळ आहे आणि फरशीला दोन्हीकडून तिकडे उतार आहे.

फरशी एकाच सपाटीत उतरती असती तर काहीच बिघडत नव्हतं. गाडी आणि भिंतीवरचं माप दोन्ही सारखंच कललं असतं. इथे गाडीचं नाक खाली आणि भिंतीजवळची फरशी पुन्हा वर. उतार साधारण शंभराला एक. गाडी ज्या पातळीवर उभी आहे ती तशीच पुढे ताणली, तर ५ मीटरवर ती ५ सेंटीमीटर खाली जायला हवी. प्रत्यक्षात फरशी अडीच उतरते आणि अडीच चढते. त्यामुळे भिंतीपाशी जमिनीपासून मोजून केलेली खूण गाडीच्या हिशेबाने ५ सेंटीमीटर उंच. जेवढा उतार बीमला द्यायचा होता, तेवढाच फरशीने खाल्ला. बीम १ टक्का खाली नव्हताच, आडवा होता!

खात्री करायला गवंड्याकडची पाण्याची लेव्हल ट्यूब आणली. साधी पारदर्शक नळी, पण या कामात तिच्यापुढे लेझर लेव्हलचीही मला गरज वाटत नाही. हवेचा बुडबुडा मात्र नळीत राहू देऊ नका, त्यासाठी पाणी सावकाश भरा. मागचं चाक टेकतं तिथून पुढचं चाक टेकतं तिथपर्यंत सव्वादोन-अडीच सेंटीमीटरचा फरक निघाला. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिलिमीटर, म्हणजे जवळपास बरोबर १ टक्का. कागदावरचा हिशेब नळीतल्या पाण्याने जसाच्या तसा दाखवला तेव्हा मी पार्किंगमध्ये एकटाच टाळ्या वाजवत होतो.

पुढचं काम सोपं. शहाबादी फरशीचे दोन तुकडे पुढच्या चाकांखाली घातले. त्यांची जाडी साधारण तेवढीच होती. नळीने चारही चाकं एका पातळीत असल्याचं पाहिलं, गाडी दोन-चारदा दाबून पाटे (लीफ स्प्रिंग) मोकळे केले, टायरची हवा नीट, टाकी भरलेली, ड्रायव्हरच्या जागी माझ्याच वजनाचा शेजारी. मग दिव्याच्या मध्याची उंची नळीनेच थेट भिंतीवर नेली. जमिनीपासून मोजायचंच नाही, ही या पद्धतीची खरी मजा. त्या खुणेखाली ५ सेंटीमीटर रेघ मारली, एक दिवा कापडाने झाकून दुसरा सेट केला, मग उलट.

दुसरी तपासणी कायद्याची. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा नियम वाचून पाहा: गाडीपासून ८ मीटरवर, उजव्या बाजूला अर्धा मीटर सरकून, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळा असलेला माणूस दिपता कामा नये. प्लॅस्टिकच्या पाइपला दीड मीटरवर पांढरा कागद चिकटवून तो त्या जागी धरला. कागद अंधारात राहिला. मग मुद्दाम मित्राचे एलईडी बल्ब याच दिव्यांत घालून पाहिले, तर कागदावरचं छापील वाचता आलं. रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेसाठी घडवलेला असतो, तिथे जाड पट्टीवर चिकटवलेली चिप बसवली की उजेड वाटेल तिकडे फाकतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घालू नका, हे माझं ठाम मत आहे. उजेड कमी वाटत असेल तर आधी वायरिंग बघा. बल्बपाशी व्होल्टेज ५ टक्के पडलं की उजेड साधारण १६ टक्क्यांनी घटतो; रिलेने तो परत मिळतो.

त्यानंतर ताम्हिणीत एकटा जाऊन आलो. डिप्पर जवळपास बंद.

हे लिहिताना एक गोष्ट मात्र टोचायला लागली. ‘एकटा’. आधीच्या फेऱ्यांत मागे दोघं आणि सामान असायचं. पुढचा भाग जागचा हलला नाही असं धरून मागचे पाटे ३ सेंटीमीटर बसले, तर २३७५ मिलिमीटरवर तो कल सव्वा टक्क्याचा होतो. दिव्याचा मध्य माझ्या गाडीत ८२ सेंटीमीटरवर आहे. आडवा बीम अधिक सव्वा टक्का, म्हणजे ५० मीटरवर कटऑफ जवळपास १४५ सेंटीमीटर उंच: थेट कारवाल्याच्या डोळ्यात. आता १ टक्का खाली असूनही गाडी भरली की तो पाव टक्का वर जाणारच. नव्या गाड्यांत डॅशवर ० ते ३ आकड्यांचा डायल याचसाठी असतो. जिप्सीत तो नाही.

म्हणून पुढच्या भागासाठी ठरवलेले प्रोजेक्टर (भिंगाचे दिवे) रद्द. प्रोजेक्टरचा कटऑफ आणखी धारदार, त्यामुळे भरलेल्या गाडीत प्रत्येक खड्ड्याला समोरच्याच्या डोळ्यावर झपकन येणार. तो खर्च मागचे पाटे रिकॅम्बर करण्यावर, म्हणजे त्यांचा उतरलेला बाक परत आणण्यावर करतो. तोपर्यंत बीम १.५ टक्का खाली ठेवावा असा विचार होता, पण तसं केलं तर रिकाम्या गाडीत उजेड ८२ ऐवजी ५५ मीटरवरच टेकेल. अंधाऱ्या घाटात ते मला पटत नाही.

त्यापेक्षा हे बरं वाटतंय: बीम वर-खाली करणाऱ्या स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, एका फेऱ्याला भिंतीवरची रेघ किती सरकते ते मोजायचं आणि रिकामी गाडी, भरलेली गाडी अशा दोन जागा ठरवायच्या. निघताना स्क्रूड्रायव्हरने अर्ध्या मिनिटाचं काम. रविवारी मागच्या सीटवर खरी माणसं बसवून पाटे किती बसतात ते मोजतो. जुन्या थारवाल्यांनी आणि एमएम ५४० जीपवाल्यांनी आपापला आकडा कळवा. दिव्याची उंची, व्हीलबेस आणि भरल्यावर मागचा भाग किती खाली येतो, एवढं पुरे.